पालदा नाक्यावरचा धर्मकाटा

पागनीस फोनवर एवढंच म्हणाला,
"भिया, काटा बोलून राहिला,
कंप्यूटर ऐकूनच नाही राहिला."

रात्रीचे नऊ. सळयांनी भरलेले सात ट्रक,
टायरला टेकून पत्ते कुटत बसलेली माणसं.
जुना डबा गेल्या आठवड्यात मेला.
हा जेल रोडवरून आणलेला, सेकंडहँड,
पाठीला नऊ पिनांचं पोर्ट अगदी ठळक,
काट्याची केबल त्यात बसलेली, दोन्ही स्क्रू आवळलेले.
आणि मशीन म्हणतं, असलं पोर्ट मला नाही.

"ड्रायव्हर टाकून पाहिला?"
"सात उभेत ना बाहेर," पागनीस म्हणाला.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं
आणि तक्ते काढायला बसलो.
प्रत्येक मशीनच्या पोटात ते असतात,
कुणाला दाखवायचे नसतात,
सिस्टिमनं उठता उठता वाचून घ्यायचे:
पंखा कुठं, झोपेचं बटण कुठलं,
किती तापलं की आपणहून विझायचं.
मेमरीत दर सोळा घरांनी एक खूण शोधत जायचं,
अनोळखी कॉलनीत अंधारात पाट्या वाचाव्यात तसं.
एक सापडला की तोच पुढच्यांचे पत्ते देतो.

बारा निघाले.
प्रत्येकावर बनवणाऱ्याच्या नावाला सहा अक्षरांची जागा.
नाव चारच अक्षरांचं,
उरलेल्या दोन घरांत
रिकामी जागा नीट मांडून ठेवलेली.

सगळ्यांत मोठा उलगडला, अकरा हजार ओळी.
त्यात फ्लॉपी होती, जी या डब्यानं जन्मात पाहिली नाही.
आणि बरंच खाली आमचं पोर्ट.
पत्ता बरोबर, इंटरप्ट चार, सगळं जागच्या जागी,
फक्त "आहेस का?" या प्रश्नाला
उत्तर: शून्य.

कुणीतरी कुठंतरी
दहा मॉडेलांना मिळून एकच कागद लिहिला असेल.
स्वस्तातल्याला पोर्ट नसेल.
घरी जायची वेळ झाली असेल.
राग नाही आला मला.
स्क्रू मात्र एकदा पुन्हा आवळून पाहिले.

शून्याच्या जागी पंधरा लिहिले.
पंधरा म्हणजे चार होकार एका दमात:
आहे, चालू आहे, दिसू दे, ठीक आहे.

मग बेरीज. तक्त्यातल्या सगळ्या बाइटांची बेरीज
शून्य यावी लागते,
दोनशे छप्पन झाले की पुन्हा पहिल्यापासून.
त्यासाठी दहावं घर राखलेलं असतं,
सगळ्यांचं मिळून जे कमी पडेल ते तिथं.
पागनीस वाकून बघत होता. म्हणाला,
"आमचंही असंच भिया. गाडी चढायच्या आधी झिरो पाहिजे.
चिखल साचला तरी चाळीस दाखवतो."

चिपला हात नाही लावला. तिचं म्हणणं तिच्यापाशी.
उठताना माझा तक्ता आधी वाच, एवढंच सांगितलं.

पावणेबारा. स्क्रीनवर काटा: ०.
ट्रकला थांबवून पागनीस स्वतःच चढला,
लोखंडी फळीच्या मधोमध, हात खाली सोडून,
शाळेच्या फोटोला उभा राहिल्यासारखा.
साठ.
वीस किलोंच्या पटीतच कळतं या काट्याला.
त्यानं चपला काढल्या. साठ.
खिशातल्या किल्ल्या काढल्या. साठ.

"काय म्हणतो?" तिथूनच ओरडला.
मी म्हटलं, "आहेस म्हणतो. उतर आता."