घड्याळ एक तास मागे

रात्री उशीवर दोन गोष्टी ठेवायच्या असतात:
सोनेरी कागदातलं चॉकलेट,
आणि लिस्बन सोडल्यापासून एक चिठ्ठी.
‘आज घड्याळ एक तास मागे घ्यावं. निवांत झोपा.’

बाराशे प्रवासी. जहाज मध्यम म्हणतात,
म्हणजे माणूस हरवावा इतकं मोठं नाही
आणि कुणाला टाळता यावं इतकंही नाही.
सहाव्या डेकवर माझ्या वाट्याला चौदा खोल्या,
चौदांच्या सपाता, बाथरोब, तऱ्हा;
एकीला उशा सहा लागतात, एकीला एकही चालत नाही.
वर कोमट पाण्याचा तलाव, त्यात बटाट्यांसारखे उकडत
निवृत्त न्यायाधीश, दंतवैद्य, त्यांच्या बायका.
चार वाजता चहा, हातमोजे घातलेले वेटर,
तीन मजली तबकात काकडीची सँडविचं.
पियानोवर ओडेसाचा बोहदान,
तीच सात गाणी, रोज वेगळ्या क्रमानं.

मी राहतो पाण्याच्या रेषेखाली.
वरचा बंक माझा. चादरींच्या कपाटामागे
बिस्किटाच्या पुड्यावर एक कागदी फूल.
उदबत्तीला बंदी आहे, देवाला ते ठाऊक असणार.

एक तास मागे म्हणजे त्यांना तासभर झोप.
मला तासभर लांब.
लिस्बनला माझी दुपारची सुट्टी एकची,
तेव्हा कारांगासेमला रात्रीचे आठ,
सेकार फोनसमोर पाढे घेऊन बसलेली.
पहिल्या चिठ्ठीनंतर नऊ: जांभया.
दुसरीनंतर दहा: नुसतं ‘हं’.
तिसरीनंतर बायकोनं फोन वळवला
आणि मला दिसलं मच्छरदाणीतलं एक कोपर.

गंमत म्हणजे चिठ्ठ्या मीच वाटतो.

६११४ मध्ये लिंडक्विस्टबाई. वय एक्क्याऐंशी.
योटेबोरीचं घर विकून तीन वर्षं इथंच राहतात;
वृद्धाश्रमापेक्षा सूप गरम असतं, म्हणतात.
मनगटावर नवऱ्याचं घड्याळ, सैल,
हात वर केला की कोपराकडे घरंगळणारं.
ते योटेबोरीच्या वेळेवरून कधी हललं नाही.
माझ्या चिठ्ठीच्या पाठीवर त्या
पत्त्यांच्या डावाचे गुण मांडतात.

चौथ्या रात्री म्हणाल्या,
‘नेंगाह, तुम्ही काय करता हो या जादा तासाचं?’
बोलायचं नसतं खरं तर.
‘छान, मॅडम’ एवढंच शिकवलंय आम्हाला.
पण बोललो. कोपराचंही सांगून बसलो.
त्या गप्प. चष्मा शोधत राहिल्या,
तो डोक्यावरच होता.
मग घड्याळाची किल्ली नखानं ओढली.
‘आत्ता तिच्याकडे किती?’
‘सकाळचे सहा. उठत असेल.’
तीन वर्षं थांबलेलं योटेबोरी
गरगरत निघालं पूर्वेला.

दुसऱ्या दिवशी सूप पिताना, लिफ्टमध्ये,
न्यायाधीशांशी पत्ते पिसताना मनगट बघून
म्हणे पुटपुटत होत्या, ‘झोपली आता.’
बोहदाननं सांगितलं मला.
त्याला वाटलं, बाईंचं काहीतरी बिघडलंय.

पाचवी चिठ्ठी शेवटची. पुढे ब्रिजटाउन.
सकाळी पलंग आवरताना बाईंनी हाक मारली.
भिंतीवरचं घड्याळ, मनगटावरचं घड्याळ,
काटे अगदी सारखे.
‘मी चुकीचं लावलं का?’
‘नाही, मॅडम. बारा तास झाले.
पृथ्वीवर याहून लांब जाता येत नाही.’

हे मला पहाटेच कळलं होतं,
कपडे धुण्याच्या खोलीबाहेर, जिथं दोन रेघा सिग्नल येतो
आणि इंटरनेट मिनिटाच्या भावानं संपतं.
सेकार जागी. मागे संध्याकाळ, कोंबड्या, कुणाची तरी मोटरसायकल.
‘बापा, तुझ्याकडे किती वाजले?’
‘सहा.’
ती पळत आत गेली, पळत बाहेर आली.
‘इथंपण सहाच! म्हणजे आलास तू जवळ?’

मागून चादरींची गाडी आली.
मी भिंतीला चिकटून वाट दिली.
‘हं,’ म्हणालो.