आठ दशांश

ओकायात, तळ्याच्या वरच्या अंगाला,
माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि चिमटे:
लहान, त्याहून लहान,
आणि जो हरवला की अख्खा दिवस जातो, तो.

करासावाबाई आज तिसऱ्यांदा आल्या.
रुमालात गुंडाळलेला कॅमेरा,
पडदा एकाच तारेवर लोंबतोय,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
"ओढला नाही हो," त्या म्हणाल्या, "नुसता उघडला."
मी मान डोलावली.
नुसतं उघडणं पुरतं,
हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

ती बिजागरी माझी आहे.

चौदा वर्षांपूर्वी, कारखान्याच्या चौथ्या मजल्यावर
साहेबांनी टेबलावर एक लाकडी खिसा ठेवला,
कोटाच्या खिशाचा साचा, आतून घासूनपुसून गुळगुळीत.
माझा कॅमेरा निम्मा आत गेला आणि अडकला.
पोलादी पट्टी, दोन रिव्हेट, पितळेची चकती:
यंत्रानं तिची तीस हजार वेळा उघडझाप केली होती
आणि ती साधी कुरकुरलीही नव्हती.
"किती जास्त आहे?"
"आठ दशांश मिलिमीटर."
कोणी काही बोललं नाही. चहा मात्र निवत गेला.

मग पितळ गेलं.
मग पोलाद सोललं, बटाट्यासारखं.
तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा खिशात सुळकन उतरला
आणि खोलीत टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू.

करासावाबाईंचे गुडघे आता मुडपत नाहीत.
फेब्रुवारी सरता सरता त्या ओढ्याकाठी जातात,
बर्फ फोडून फुकीचे कोंब वर येतात तेव्हा,
कडवट, हिरवे, अंगठ्याएवढे.
सगळं गाव ते खुडून तळून खातं.
यांना मात्र कोंबाला दिसतं तेवढंच आभाळ हवं असतं.
म्हणून त्या ताठ उभ्या राहतात,
कॅमेरा दोरीनं खाली सोडतात
आणि पडदा त्यांच्याकडे मान वर करून बघतो.

मी डबा काढला. जुन्या, जाड बिजागऱ्या,
सात उरल्यात; निवृत्तीच्या दिवशी खिशातून आणलेल्या.
(त्या खिशात मावल्या, बघा.)
"ही बसवतो. तुम्हाला पुरून उरेल."
बसवून दाखवली. पडदा खट्ट उघडला,
बँकेच्या तिजोरीसारखा.
बाईंनी कॅमेरा एप्रनच्या खिशात घालून पाहिला,
आडवा, उभा, परत आडवा.
शिवण उसवायला लागली.

"मग हा घरीच राहील," त्या म्हणाल्या.
"घरी राहिलेला कधीच मोडत नाही, मोमोसे-सान.
माझी शिवणयंत्राची पेटी बघा, अजून नवी आहे."

"पातळ पुन्हा तुटेल."
"तुटली की येईन."
जरा थांबून, रुमालाची घडी घालत:
"तुम्ही अजून किती वर्षं दुकान उघडाल?"

एकाहत्तर. मी मनात आकडे मांडले,
पण त्याला चाचणीचं यंत्र नाही.
"एवढा बर्फ तर वितळू दे," म्हणालो.

संध्याकाळी पातळ बिजागरी बसवली, तार जोडली.
नियम आहे, दुरुस्तीनंतर वीस वेळा उघडून बघायचं.
मी एकदाच उघडला, एकदाच मिटला.

उरलेल्या एकोणीस
ओढ्याकाठच्या.