घाव, धाव

पहिल्याच आठवड्यात ओवी तांडेलने वहीत लिहिलं,
'खाट अकरा : धाव भरत आलाय.'
वर्ग हसला. मीही, जराशी.

परळला बावीस वर्षं नर्सिंग शिकवतेय,
आळशी पोरगी मला चालीवरून कळते.
ही नव्हती.
शीर हिला पहिल्या बोटात सापडायची,
अक्षरं मात्र ओल्या बोंबलासारखी,
धरली की निसटली.

मग लालबागहून पिवळा जिलेटीन कागद आणला,
ओळीवर ठेवायला.
औषधांची नावं तिने माझ्या आवाजात मोबाइलवर घेतली,
डोपामिन, डोब्युटामिन,
माशांच्या वाट्यांसारखी वेगवेगळी मांडून.
परीक्षेत अर्धा तास जादा मिळावा म्हणून
मी तीन अर्ज केले.
दोन हरवले,
ज्यांना नीट वाचता येतं त्यांच्याकडून.

काल रात्रपाळीला तिच्यासोबत थांबले.
बाटली उजेडात धरून, बोट लेबलाखाली,
ती पुटपुटत होती,
एकदा, पुन्हा एकदा.
खाट सातची म्हातारी म्हणाली,
"देवाचं नाव घेतेस का गं?"
"नाही आजी, तुमचंच."

पहाटे चारला औषधांच्या कपाटाशी
माझंही बोट
लेबलाखाली गेलं.