प्रत्येकी एक ओळ

डिसेंबरात सांतियागोहून फॉर्म येतो:
पदवीच्या विद्यार्थ्यांचं संशोधन, बक्षिसं, शोधनिबंध,
प्रत्येकी एक ओळ, नव्वद अक्षरं, स्वल्पविराम धरून.
बावीस वर्षं तो मीच भरते.
प्राध्यापक येतात-जातात, प्रिंटर हा तिसरा,
वाल्दिव्हियाची नदी खिडकीत तीच, आणि धक्क्यावर
मासळीवाल्यांवर भुंकणारे समुद्रसिंह.

गणित मला येत नाही, आधीच सांगते.
पण टाइप करता करता कानावर पडतं.
ठिपके असतात, रेघांनी जोडलेले,
शेजारच्या दोघांचा रंग एक नको,
एवढंच.
डॉन एलियासर नऊ वर्षं सांगत आले
की या जातीच्या आकृत्यांना चार रंग पुरतात,
आणि बाल्तासार ओयार्सो, तिसऱ्या वर्षाचा,
मार्चमध्ये ते सिद्ध करायला बसला.

जूनमध्ये इथे छत्री वाळत नाही.
ओला स्वेटर माझ्या शेगडीपाशी टाकून
तो पान एकतीस छापायचा.
परवा पान एकतीस. आज पान एकतीस.
"तीस पानं झकास जातात, सेन्योरा एर्सिलिया,
इथेच घोडं पेंड खातं,"
म्हणायचा, आणि फसलेला कागद उलटा करून
माझ्या पाठकोऱ्यांच्या खोक्यात ठेवायचा.
सात महिने.

मियाराय वेंचुमान त्या खोक्यातूनच कागद उचलायची.
तिचं काम निराळं, संगणकाचं,
रात्रभर आकृत्या तपासून घेण्याचं,
कोट्यवधी आकृत्या, सगळ्या मुकाट चार रंगांत बसणाऱ्या.
एका संध्याकाळी, बेरीज मांडायला घेतलेल्या कागदाची
दुसरी बाजू तिने वाचली.
वाचली, आणि शेवटची बस गेली.
जिथे त्याचा पुरावा मिटत नव्हता
तिथेच तिने नख घातलं,
यंत्राला म्हणाली, सगळं रान नको,
या एवढ्या बिळापाशी बस.
पहाटे चारला सतरा ठिपके
पाचवा रंग मागत समोर उभे.

खरं वाटेना, म्हणून धाकट्या भावाचे खडू आणून
दोन दिवस तिने हाताने रंगवून पाहिले.
हिरवा संपला. आकृती हटली नाही.

डॉन एलियासर बराच वेळ फळ्याकडे पाहत होते.
मग पावसात तसेच बाहेर पडले.
मला वाटलं, संपलं,
नऊ वर्षांचं माणूस घरी जाऊन रडणार.
ते परतले ते मुर्ताच्या फळांचा अख्खा केक घेऊन,
माझ्याच सुरीने त्याचे तुकडे केले,
मोजले,
"पाच," म्हणाले, आणि खो खो हसत सुटले.
बाल्तासारने आपला तुकडा घेतला.
खाल्ला नाही. कागदी रुमालात बांधून नेला.

तर फॉर्म.
"वेंचुमान, मि.: प्रतिउदाहरण, राष्ट्रीय परिषदेत पहिला पुरस्कार."
बसलं, जागा उरली.
त्याच्या नावापुढे रकाना: निकाल.
डॉन एलियासर म्हणाले, कोराच ठेवा, पोराला उगीच लागेल.
मियाराय दोनदा दारात येऊन गेली,
दोन्ही वेळा काहीतरी वेगळंच विचारून.
तो कागद आहे माझ्या खणात, तीच देऊन गेली:
एका अंगाला त्याचं अडलेलं पान,
दुसऱ्या अंगाला तिचे सतरा ठिपके, शाई आरपार उतरलेली.
जोडावा म्हटलं फॉर्मला.
स्कॅनर एका वेळी एकच बाजू घेतो.

शेवटी मी लिहिलं, "ओयार्सो, बा.: पान एकतीस."
बटण दाबलं. गेलं.
सांतियागोहून अजून कुणी काही विचारलेलं नाही.

यंदा मार्चमध्ये तो पुन्हा आला,
केस कापलेले, नवा प्रश्न, तोच स्वेटर.
कागद आहेत का म्हणाला.
मी नवं कोरं रीम फोडायला लागले.
"नको," म्हणाला,
"पाठकोरेच द्या."