चुकलेल्या थापेची मोजणी

गौरेश गांवस. वय अकरा. केरी, सत्तरी.
फॉर्मवर आधीच्या डॉक्टरांचं अक्षर:
‘अभ्यासात लक्ष नाही. हातातून वस्तू पडतात.
मानसिक?’
प्रश्नचिन्हावर कुणाच्या तरी चहाचा डाग.

मी टेपने डोकं मोजते,
नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत,
कानापासून कानापर्यंत,
लाल पेन्सिलीने खुणा, खुणेवर पेस्ट, पेस्टवर तार. एकवीस.
बांबोळीच्या या खोलीत अठरा वर्षं हेच करते आहे.
‘तेल नाही ना लावलं?’
‘दोनदा धुतलं बाय, शिकेकाईने,’
त्याची आई म्हणते. सुकांती.

दारात कुष्टामामा, चप्पल हातात धरून.
कुणी विचारलं नसताना सांगतो:
गेल्या चवथीपर्यंत ह्याचा घुमटावरचा हात असा,
की मी शामेळ वाजवताना डोळे मिटायचो.
औंदा आरतीत मधेच थाप सांडली.
पुन्हा सांडली.
पोरं हसली, मी रागावलो, एक चापट पण दिली.
‘पूण बाय, हो चुकता, तो ताळार चुकता.’

सुकांतीने त्याच्याकडे बघितलं, गप्प राहा म्हणून.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

उजवा खांदा उडाला.
पाच. सहा. सात.
उडाला.
पाच. सहा. सात.
आतून कुणी दोरी ओढावी
आणि ओढून विसरून जावं, तसा.

मशीन सुरू केलं.
रेघा चालत होत्या, जरा थकलेल्या, बाकी ठीक,
आणि मग सगळ्या एकदम उठल्या,
एकच अवजड लाट, वरपासून खालपर्यंत,
तोच खांदा, तोच क्षण.
सातवर पुन्हा तीच लाट. तीच.
मी मोजणं थांबवलं आणि
डॉक्टर कुलासोंना फोन लावला.

त्या आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
शिरेतून औषध दिलं.
हात निजला.
रेघ निजली नाही.
स्थिर खांद्याखाली ती लाट येतच राहिली
सात सेकंदांनी, सात सेकंदांनी.

तेव्हा त्या बसल्या, खाटेच्या कडेवर,
आणि अगदी हळू विचारलं,
‘लहानपणी गोवर आला होता का याला?’

‘आला होता की. आठव्या महिन्यात.
नववा लागायला बारा दिवस होते,
लशीचं कार्ड कपाटात होतं.
डोळे लाल, कानामागून पुरळ.
खाटेखाली कडुनिंब पसरला, घरात फोडणी बंद.
आठ दिवसांनी कातडी कोंड्यासारखी सुटली.
सांतेरीला नारळ ठेवला मी.
बरा झाला तो, डॉक्टर.
चांगला बरा झाला.
चांगला.’

डॉक्टर काही बोलल्या नाहीत.
सगळे पाहुणे गेले असं समजून दार लावावं,
आणि एकजण माळ्यावर राहून गेलेला असावा
दहा वर्षं, दिवा न लावता:
असं मला वाटलं. मी ते बोलले नाही,
माझं काम रेघा काढण्याचं.

पाठीच्या कण्यातलं पाणी बर्फाच्या डब्यातून गेलं.
निकाल यायला आठवडा.
तो काय येणार ते तिथल्या दोघींना ठाऊक होतं,
कदाचित तिघींना.
आजाराचं नाव लांबलचक, चार इंग्रजी अक्षरांत आवरलेलं,
मराठीत अजून कुणी ठेवलेलं नाही.
वहीत तारीख लिहिली.
अठरा वर्षांत हा तिसरा.

संध्याकाळी दार लावायला गेले, तर
ती अजून व्हरांड्यातल्या बाकावर.
औषध उतरलं होतं, तो तिला टेकून बसलेला,
ती ओल्या फणीने त्याच्या केसांतली
माझी वाळलेली पेस्ट काढत होती.
फणी चालायची, चालायची,
आणि मधेच ती फणी उचलून धरायची, वर, हवेत.
मग खांदा उडायचा.
मग फणी पुन्हा केसांत.

घड्याळ तिथे नव्हतं.
तिने एकदाही त्याच्या हाताकडे पाहिलं नाही.