गेल्याची वेळ

मेख्टेल्ट दिवे करते. म्हणजे बल्ब नाही,
बल्बच्या भोवतालचं सगळं.
समुद्री शेवाळाचा लगदा थापून केलेली शेड,
चिनीमातीची पापडाइतकी पातळ वाटी,
आणि हल्ली ही काळी लोकरीची टोपी,
जिच्यातून उजेड फक्त टेबलावर सांडतो,
चेहऱ्यांवर नाही.
मिलानच्या प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, यात वाचता येतं का?
ती म्हणाली, वाचता नाही येत. माफी मागता येते.

मी लुब्लिनचा. तिच्याकडे डाख लावतो.
आइंडहोवनमधला हा कारखाना बल्बचा होता.
खाली आता कॉफी मिळते, वर भाड्याचे फ्लॅट,
आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही,
जिथे तिचा आजा नेलिस एकतीस वर्षं
बघत बसला.

कामच ते. भिंतभर रॅक, रॅकवर हजार बल्ब,
रात्रंदिवस पेटते.
एखादा गेला की वहीत त्याचा नंबर
आणि गेल्याची वेळ.
बाकी काही करायचं नाही. हलवायचा नाही,
हळहळायचं तर नाहीच.

आता तो हेल्मोंडच्या वृद्धाश्रमात.
तिथल्या छताला सेन्सर आहे.
म्हाताऱ्याने कूस बदलली की खोली भक्कन पेटते.
नातीला म्हणाला,
मला रॅकवर ठेवलंय गं.
गेलो का, ते बघतात.

तिने तीन महिने दुसरं काही केलं नाही.
पहिला दिवा चाळीस मिनिटं घेत मालवायचा,
शेतावर संध्याकाळ उतरावी तसा. मला फार आवडला होता.
नेलिस चिडला. एवढं रेंगाळतो?
असला माल आम्ही नापास करायचो.
दुसरा, तिसरा. पाचव्याचं तर नावही काढू नये.
शेवटी तिने हात टेकले, विचारलं,
मग तुला हवंय तरी काय?

बराच वेळ तो दातांशी खेळत बसला.
मग म्हणाला, रात्रपाळीला
जाणारा बल्ब आधी
एकदाच पांढरा व्हायचा. शेजाऱ्यांहून पांढरा.
पापणी लवली की हुकला.
मला दिसायचं.

हे सर्किट मी जोडलं.
बटण दाबलं की दिवा आधी भरून येतो,
क्षणभर, मग जातो.
ड्रायव्हर पुरवणारा इंजिनिअर हसला, हा तर दोष आहे,
लोक परत आणतील.
आणलेच. चाळीस विकले, अकरा परत आले,
एकाबरोबर वकिलाचं पत्र.

नेलिसने मात्र उशाशी ठेवला.
रोज रात्री बटण दाबायचा, आणि त्या एका झपक्यात
चष्मा, कवळीची वाटी, ट्रूसचा लग्नातला फोटो,
खुर्चीवरचा स्वतःचाच कोट,
सगळं हजर आहे की नाही बघून घ्यायचा.
मग अंधारात, अंदाजाने, वेळ लिहायचा.
अक्षर एकावर एक चढलेलं.

मार्चमध्ये नर्स फादिमेचा फोन आला.
सकाळी दिवा चालूच होता, म्हणाली.

वहीच्या शेवटच्या ओळीत
नंबर आहे, पुढे काही नाही.
मेख्टेल्टने ती वही खणात टाकली,
दिवा वर्कशॉपच्या दाराशी टांगला आणि विसरली,
किंवा विसरल्यासारखं केलं.
सात आठवडे तो पेटता.
विजेचं बिल आलं, कुणी बोललं नाही.

काल सगळ्यांत शेवटी मी निघालो.
हात आपसूक गेला बटणाकडे.
खोली पांढरी झाली,
आणि नव्या रंगाच्या चार थरांखालून
भिंतीवर उमटली रॅकच्या खिळ्यांची भोकं,
ओळीने, छतापर्यंत,
इतकी वर्षं इथे बसतो, कधी दिसली नव्हती.

पावणेसात वाजले होते.
मी लिहून ठेवलं नाही.