हद्द कायम

सावद्याला मे महिन्यात रात्री दोनलासुद्धा
कूलर गरमच हवा फेकतो.
मी एक फाइल उघडून बसलेय,
तिच्यात एक चिप आडवी पडलीये:
थरावर थर, चौकोन, पट्ट्या,
नॅनोमीटरच्या हिशेबात.

उघडली माझ्याच लायब्ररीनं.
तीन वर्षं लिहितेय ती.
आधी दोन बाइट लांबी, मग प्रकार, मग ऐवज.
रीत टेपच्या जमान्यातली.
म्हणून मजकूर संपल्यावरही काही फाइलींत
शून्यांची रांग असते, रीळ भरावं म्हणून.
रिळं गेली, शून्यं राहिली.
मीही काढत नाही, ओलांडून जाते.

नाना पाण्याला उठले.
सुपडू भंगाळे, भूकरमापक, आता निवृत्त.
"काय करून राह्यली इतक्या रातचं?"
"मोजणी."
चष्मा शोधला, वाकले, बराच वेळ बघत राहिले.
"हे कोनाचं वावर?"
"नखावर मावेल एवढं आहे, नाना."
"मंग बांध इतके कशाले?"

मी दाखवलं: एक सेल एकदाच आखायचा,
मग नुसतं सांगायचं,
इतक्या ओळी, इतक्या रांगा, मधलं अंतर.
"पाच बाय पाच," नाना म्हणाले, "टिश्यूची केळी."
तसंच. पण मूळ सेलमधली एक रेघ मी सरकवली
आणि चाळीस हजार जागी ती सरकली.
नानांनी तांब्या खाली ठेवला.
"करपा बी असा येत न्हाई."

अडलं होतं एकतिसाव्या थरावर.
पाच बिंदूंचा चौकोन,
पाचवा पहिल्यावरच यायला हवा,
तो एक नॅनोमीटर अलीकडे थांबलेला.
माझ्या कोडात त्यासाठी एक ओळ होती:
न मिळालं तर गुपचूप मिळवून घे.

नाना खाटेच्या कडेला टेकले.
हिंगोण्याचं शिवार, सत्त्याऐंशी साल.
शंकू, साखळी, दोन भाऊ, दोघांचे दोन पंच.
फिरून पहिल्या दगडाशी आले तर
दोन कड्यांचा फरक.
ऊन होतं. साहेब जीपमध्ये.
"म्या कागदावर मिटवला."
पुढे काही बोलले नाहीत.
पायाच्या अंगठ्यानं फरशीची सांध चाचपत राहिले.

मग म्हणाले, "फरक लिहाले जागा असते टिपनात.
लहानशी असते. पन असते."

मी ती ओळ खोडली.
तिच्या जागी लिहिलं:
बहुभुज बंद नाही. थर एकतीस.
फरक एक. हात लावलेला नाही.

चाचण्या लावल्या. सात नापास झाल्या,
सगळ्या माझ्याच, जुन्या, मिटवून घेण्याच्या भरवशावरच्या.
दुरुस्त करायला घेणार तेवढ्यात
मोरीत नळ खाकरला.
नाना हंडा घेऊन निघाले,
दारात थांबून म्हणाले,
"त्या धाकल्याचं नाव रुपचंद व्हतं,"
आणि गेले.